पाच कोटी वर्षांची कमाई

२४ जुलै २०१८ रोजी कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराजवळच्या समुद्रात एका ओर्का मादीला पिल्लू झालं आणि अर्ध्या तासाच्या आत ते गेलं. संशोधकांच्या नोंदीत या मादीचा क्रमांक जे-३५, लोक तिला तहलेक्वा म्हणतात. मेलेलं पिल्लू तिने सोडलं नाही. डोक्यावर पेलत, ते बुडायला लागलं की खाली बुडी मारून पुन्हा वर आणत ती १७ दिवस पोहत राहिली. सुमारे १६०० किलोमीटर. जगभरच्या वाहिन्यांनी ते दाखवलं, वर्तमानपत्रांनी छापलं, लोक हळहळले. साडेसहा वर्षांनी, जानेवारी २०२५मध्ये, तीच मादी पुन्हा एक मेलेलं पिल्लू घेऊन पोहताना दिसली.

दुसऱ्या वेळची बातमी वाचली तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. आपण हळहळलो, ते माणूसपणाला धरूनच झालं. पण पहिल्या पिल्लापासून दुसऱ्या पिल्लापर्यंतच्या साडेसहा वर्षांत बदललं काय? या प्राण्यांना आपल्या अश्रूंपेक्षा आपल्या हिशेबाची जास्त गरज आहे, असं माझं मत आहे. कुणी काय केलं, किती काळात केलं आणि त्यातलं काय भरून देता येईल, असा हिशेब. आणि तो मांडायचा तर हातातून काय निसटतंय हे आधी कळायला हवं.

मी विज्ञानाची नव्हे, भाषेची शिक्षिका. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे माझी सुरुवात नावापासून होते. मराठीत आपण 'देवमासा' म्हणतो, आणि तो मासा नसतो. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो. ओर्काला तर आपल्याकडे स्वतंत्र नावही नाही. इंग्रजीत त्याला 'किलर व्हेल' म्हणतात, म्हणजे खुनी देवमासा. जुने स्पॅनिश खलाशी त्याला 'देवमासे मारणारा' म्हणत आणि भाषांतरात शब्द उलटे झाले, असं सांगितलं जातं. शास्त्रीय नावही फार प्रेमळ नाही. त्यातला 'ऑर्सिनस' हा शब्द रोमनांच्या पाताळाशी, मृतांच्या राज्याशी जोडलेला आहे. प्रत्यक्षात ओर्का हा डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. नर आठ मीटरपर्यंत वाढतो, वजन सहा टनांच्या घरात. आणि मोकळ्या समुद्रातल्या ओर्काने माणसाला मारल्याची एकही खात्रीची नोंद नाही. ज्या किनाऱ्यावर तहलेक्वा राहते, तिथल्या लम्मी या मूलनिवासी लोकांच्या भाषेत ओर्काला जे नाव आहे त्याचा अर्थ होतो 'पाण्याखालचे आमचे नातलग'. एकाच प्राण्याला एक भाषा खुनी म्हणते आणि दुसरी नातलग. पुढचा सगळा इतिहास या दोन नावांतच दडलेला आहे.

आता ही नातलगांची गोष्ट सुरू कुठे होते ते पाहू. ती अमेरिकेत सुरू होत नाही. ती आपल्या अगदी शेजारी सुरू होते.

जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट म्हणून गाव आहे. तिथून ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने बरेच जीवाश्म गोळा केले होते. त्यातल्या एका खूरवाल्या लहान प्राण्याला त्यांनी १९७१मध्ये 'इंडोह्युस' असं नाव दिलं. बरेचसे दगड मात्र न फोडताच राहिले. रंगा राव वारले. पुढे त्यांच्या पत्नीने तो साठा हान्स थेविसेन या संशोधकाच्या स्वाधीन केला. एका कवटीवरचा दगड काढताना ती चुकून तुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं. त्या हाडाची एक भिंत जाड होती, आणि तशी ठेवण देवमाशांच्या कुळाचीच ओळख मानली जाते. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, हरणासारख्या खुरांचा हा प्राणी देवमाशांच्या पूर्वजांचा भाऊबंद होता. त्याची पायांची हाडं पाणघोड्यासारखी जड होती, म्हणजे तो उथळ पाण्यात चालत असणार. आज जिवंत असलेल्यांत देवमाशांचा सर्वांत जवळचा नातेवाईकही पाणघोडाच.

पाकिस्तानच्या उत्तर भागात लांडग्याएवढा 'पाकिसेटस' सापडला, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा. चार पायांचा, जमिनीवर चालणारा, पण कवटी आणि कान देवमाशाच्या वळणाचे. तिथल्याच 'अँब्युलोसेटस'च्या नावाचा अर्थच 'चालणारा देवमासा'. आपल्या कच्छमध्ये अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात जुन्या देवमाशांचे अवशेष अभ्यासले. लांब तोंडाचा 'रेमिंग्टनोसेटस' तिथलाच, आणि 'कच्छिसेटस'च्या नावात तर कच्छच आहे. तेव्हा हिमालय उभा राहिलेला नव्हता. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत होता आणि मधे टेथिस नावाचा उबदार समुद्र होता. त्याच्या काठच्या दलदलीत, खाड्यांत देवमाशांचं कूळ पायांवरून पाण्यात उतरलं. आज जिथे काटेरी कुंपण आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचा पाळणा हललेला आहे.

यापुढचं पान इजिप्तमध्ये आहे. कैरोच्या नैऋत्येला वाळवंटात 'वादी अल्-हितान' नावाची जागा आहे. उर्दू वाचणाऱ्याला हे नाव भाषांतराशिवाय कळतं. 'हूत' म्हणजे मोठा मासा, यूनुस पैगंबरांच्या कथेतला, किंवा आकाशातल्या 'बुर्ज-ए-हूत'मधला. 'हितान' हे त्याचं अनेकवचन. देवमाशांची दरी. युनेस्कोने २००५मध्ये तिला जागतिक वारसा स्थळ केलं. तिथे वाळूत शेकडो सांगाडे आहेत, जवळपास ४ कोटी वर्षांपूर्वीचे. 'बॅसिलोसॉरस' हा त्यातला भला लांब प्राणी पूर्णपणे समुद्रात राहणारा होता. तरी त्याला मागचे दोन पाय होते, गुडघ्यासकट, बोटांसकट. इतक्या मोठ्या शरीराला ते पाय चालायला कधीच पुरले नसते. जमीन सोडून लाखो वर्षं झाली होती, पण जमिनीची निशाणी अंगावर शिल्लक होती.

इथे माझ्यातली शिक्षिका थोडं बोलणार आहे. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. त्याविरुद्ध १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सह्यांचं पत्र काढलं. उत्क्रांतीचं नाव काढलं की आपल्याकडे, कुठल्याही धर्माच्या घरात, चर्चा माकडावर जाऊन थांबते. 'आमचे पूर्वज माकड होते म्हणता?' असं कुणीतरी म्हणतं, मान-अपमानाचा प्रश्न होतो आणि पुस्तक मिटतं. मला वाटतं मुलांना उत्क्रांती शिकवायची तर देवमाशापासून सुरुवात करावी. त्यात कुणाचा अहंकार दुखावत नाही. पुरावा क्रमाने ठेवता येतो. हा पाय, हा त्याहून आखूड पाय, हा नुसता उरलेला पाय. नाकपुड्या तोंडाच्या टोकावरून सरकत डोक्यावर गेल्या, ते कवट्या ओळीने मांडून दाखवता येतं. खुद्द डार्विनने १८५९च्या पहिल्या आवृत्तीत पाण्यात तोंड उघडं ठेवून किडे पकडणाऱ्या अस्वलाचं उदाहरण देऊन, अशा प्राण्यापासून देवमाशासारखं काही घडू शकेल अशी कल्पना मांडली होती. तिची एवढी टिंगल झाली की पुढच्या आवृत्तीत त्याने ते वाक्य आखडतं घेतलं. त्याच्याकडे तेव्हा पुरावा नव्हता. आपल्याकडे आहे, शिवाय कच्छचा आणि जम्मूचा आहे, आणि तोच आपण पुस्तकातून काढतो.

ओर्काच्या शरीराची गोष्ट इथवर. पण ओर्काला ओर्का करणारी एक दुसरी कमाई आहे, आणि ती हाडांत सापडत नाही. ती शिकवणीत आहे.

अंटार्क्टिकातले काही ओर्का रांगेत पोहत लाट उठवतात आणि बर्फाच्या तुकड्यावर बसलेल्या सीलला पाण्यात पाडतात. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावरचे ओर्का किनाऱ्यावर अंग झोकून समुद्रसिंहाचं पिल्लू उचलतात आणि पुन्हा पाण्यात सरकतात. न्यूझीलंडमधले पाकटाची शिकार करतात. नॉर्वेतले हेरिंगच्या थव्याला घेरून शेपटीचा फटका मारतात. हे सगळं आया आणि आज्या पिल्लांना शिकवतात. जॉन फोर्ड या कॅनडाच्या संशोधकाने दाखवून दिलं की तिथल्या समुद्रात प्रत्येक कुटुंबाची स्वतःची बोली असते. ठरावीक हाकांचा संच, जो पिल्लू आईकडून उचलतं. अगदी आपल्यासारखं. माझ्या वर्गात एकाच गावातली मुलं घरी कोकणी मुसलमानांची बोली बोलतात, दखनी बोलतात, शाळेत उर्दू आणि मराठी लिहितात. बोली ही नुसती बोलायची गोष्ट नसते, तुम्ही कुणाचे हे त्यातून कळतं. ओर्कांतही तसंच आहे.

तहलेक्वाच्या समाजात, ज्यांना 'दक्षिणी रहिवासी' ओर्का म्हणतात, मुलगा असो वा मुलगी, पिल्लू आयुष्यभर आईच्या कुटुंबातच राहतं. मादी साधारण चाळिशीत पिल्लं द्यायची थांबते आणि पुढे कित्येक दशकं जगू शकते. रजोनिवृत्तीनंतर इतकं लांब आयुष्य प्राणिसृष्टीत फारच थोड्यांच्या वाट्याला येतं. माणूस, आणि दातवाल्या देवमाशांच्या मोजक्या जाती. मग या आज्यांचा उपयोग काय? याचं उत्तर मोजून काढलेलं आहे. सॅमन मासा कमी असलेल्या वर्षांत कळपाच्या पुढे म्हाताऱ्या माद्या असतात, कारण मासा कुठे मिळेल याची आठवण त्यांच्याकडे असते. आणि २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तिशी ओलांडलेल्या नराची आई गेली तर पुढच्या वर्षभरात त्याच्या मरणाची शक्यता १४ पट होते. तीस वर्षांचा, सहा टनांचा मुलगा आईवाचून टिकत नाही. आपल्या घरात नानी-दादी काय असते हे ज्याला माहीत आहे, त्याला हे आकडे समजावून सांगावे लागणार नाहीत.

या शिकवणीला एक दुसरी बाजूही आहे. दक्षिणी रहिवासी ओर्का मासेच खातात, आणि माशांतही बहुतेक चिनूक नावाचा मोठा सॅमन. त्याच पाण्यात सील भरपूर आहेत, ते खाऊन दुसऱ्या जमातीचे ओर्का धष्टपुष्ट राहतात. रहिवासी मात्र सीलकडे वळत नाहीत. आईने शिकवलं नाही, आजीने शिकवलं नाही, ते अन्न नाही. चिनूक कमी झाला की ते उपाशी राहतात. ज्या संस्कृतीने त्यांना हजारो वर्षं जगवलं, तीच आता फास ठरते आहे. 'उपाशी आहेत तर सील का खात नाहीत?' असं विचारणं सोपं आहे. माणसानेही उपासमारीत आपलं अन्न आणि आपल्या मनाई सहजासहजी सोडलेल्या नाहीत, हे विसरून चालणार नाही.

आता हिशेब.

१९६०च्या सुमारास कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर ओर्का म्हणजे मासेमाराचा शत्रू. मच्छीमार दिसेल त्या ओर्कावर गोळी झाडत. १९६१मध्ये तर सरकारी मत्स्य खात्याने ओर्कांसाठी एका टेकाडावर मशीनगन बसवली होती. ती वापरली गेली नाही, पण बसवली हे खरं. १९६४मध्ये व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाने शिल्पासाठी नमुना हवा म्हणून एक ओर्का मारायला माणसं पाठवली. हार्पून लागूनही तो मेला नाही, तेव्हा त्याला ओढत आणून लोकांना दाखवलं. तो काही महिनेच जगला. पण त्याला पाहून लोकांची भीती ओसरली आणि धंदा सुरू झाला. ऑगस्ट १९७०मध्ये अमेरिकेच्या पेन कोव्ह खाडीत बोटी, विमान आणि स्फोटकं वापरून सुमारे ८० ओर्का घेरले. पिल्लं वेगळी काढली, सात विकली. जाळ्यांत अडकून पाच मेले. ते लोकांना दिसू नयेत म्हणून पोटं फाडून, वजन बांधून बुडवले, तरी महिन्यांनी प्रेतं किनाऱ्याला लागली. त्या दिवशी पकडलेली एक लहान मादी, टोकिटे, फ्लोरिडातल्या एका टाकीत पन्नासहून अधिक वर्षं कसरती करत राहिली आणि ऑगस्ट २०२३मध्ये तिथेच वारली. तिची राख लम्मी लोकांनी तिच्या समुद्रात सोडली. दक्षिणी रहिवाशांतून त्या काळात सुमारे ४५ ओर्का उचलले गेले, बहुतेक पिल्लं. म्हणजे पुढे ज्या आया झाल्या असत्या त्याच नेल्या. मायकेल बिग नावाच्या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने पाठीवरच्या खुणांचे फोटो घेऊन १९७०च्या दशकात गणती केली, तेव्हा कळलं की समुद्रात हजारो ओर्का आहेत हा समज खोटा होता. होते ते काही शेकडाच.

गोळी आणि जाळं डोळ्यांना दिसतं. विष दिसत नाही. पीसीबी नावाची रसायनं १९२९पासून अमेरिकेत कारखान्यांतून बनू लागली. विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल, कपॅसिटर, रंग, सीलबंद करण्याची लुकणं, सगळीकडे वापरली गेली, कारण ती जळत नाहीत आणि सहज नष्ट होत नाहीत. हाच गुण पुढे शाप ठरला. ती चरबीत साठतात. लहान माशापासून मोठ्या माशात, मोठ्यापासून ओर्कात, प्रत्येक पायरीला वाढत जातात. मग ओर्का आईच्या शरीरातून ती बाहेर पडण्याची एकच मोठी वाट उरते, तिचं दूध. पहिल्या पिल्लाच्या वाट्याला सर्वांत जास्त विष येतं. नराला ती वाटही नाही, तो आयुष्यभर साठवतच जातो. २०१६मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर 'लुलू' नावाची मेलेली मादी सापडली. तिच्या चरबीत पीसीबीचं प्रमाण किलोमागे सुमारे ९५० मिलिग्रॅम होतं. वयाने ती चांगली वाढलेली होती, पण तिला कधीच पिल्लू झालं नव्हतं. २०१८मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने म्हटलं की केवळ या रसायनांमुळे जगातल्या निम्म्याहून अधिक ओर्का समूहांचं भवितव्य धोक्यात आहे. आणि दक्षिणी रहिवाशांच्या विष्ठेचे नमुने, वासावरून शोधणाऱ्या कुत्र्याच्या मदतीने, गोळा करून केलेला २०१७चा अभ्यास सांगतो की २००८ ते २०१४ या काळात त्यांच्यातल्या दोन-तृतीयांशाहून अधिक गर्भधारणा वाया गेल्या. उपासमार हे त्याचं मुख्य कारण. अन्न कमी पडलं की चरबी वितळते आणि तिच्यात दडलेलं विष रक्तात उतरतं. तहलेक्वाचं दुःख एकटीचं नव्हतं.

तिसरी नोंद मला भाषेची शिक्षिका म्हणून सर्वांत जास्त लागते. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात एक्सॉन वाल्देझ हे जहाज खडकावर आपटलं आणि सुमारे ४ कोटी लिटर खनिज तेल समुद्रात गेलं. त्या भागात २२ ओर्कांचा एक छोटा समूह होता, शास्त्रज्ञ त्याला एटी-१ म्हणतात. त्यांचं रक्त वेगळं, हाका वेगळ्या, इतर कुणाशी न जुळणाऱ्या. तेल सांडल्यानंतर थोड्याच काळात त्यातले नऊ दिसेनासे झाले. आज सातच्या आसपास उरले आहेत. १९८४नंतर या समूहात एकही पिल्लू जन्मलेलं नाही. म्हणजे एक बोली आहे, तिचे सातेक बोलणारे आहेत, आणि शिकायला कुणी नाही. कंपनीला दंडात्मक भरपाई म्हणून ज्युरीने ५०० कोटी डॉलर ठरवले होते. अपिलांत ते घटत २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे ५० कोटींवर आले. बोलीची किंमत कुठल्याच अपिलात लावली गेली नाही.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो उत्क्रांती मानणाऱ्यांकडूनच येतो. जाती येतात आणि जातात, आजवर होऊन गेलेल्या बहुतेक जाती नष्टच झाल्या आहेत, हा तर निसर्गाचा नियम, ओर्काही जुळवून घेतील किंवा जातील. हा युक्तिवाद शास्त्रीय वाटतो, पण त्यात साधं गणित चुकतं. उत्क्रांती पिढ्यांनी मोजायची असते, वर्षांनी नाही. ओर्का मादीला पहिलं पिल्लू साधारण पंधराव्या वर्षी होतं, गर्भ सुमारे दीड वर्ष पोटात असतो, आणि दोन पिल्लांत कित्येक वर्षांचं अंतर असतं. त्यांची एक पिढी म्हणजे ढोबळमानाने पंचवीस वर्षं. पीसीबी बनायला लागून आज त्यांच्या चारच पिढ्या झाल्या. पायाचा पंख व्हायला लाखो पिढ्या मिळाल्या. विष पचवायला चार पिढ्या देऊन 'जुळवून घ्या' म्हणणं हा निसर्गनियम नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक हातात देऊन मुलाला नापास करण्यासारखं ते आहे.

दुसरा युक्तिवाद याच्या उलट आहे आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो. 'माणूसच वाईट. माणूस हाच या पृथ्वीचा रोग.' हे बोलायला छान वाटतं, टाळ्याही मिळतात. पण कुठला माणूस? नातलग म्हणणारा लम्मी, की पिल्लांचा सौदा करणारा मत्स्यालयवाला? पीसीबी बनवून विकणारी कंपनी, की कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट आया, ज्यांनी एकही कारखाना चालवला नाही आणि तरी १९८०च्या दशकात ज्यांच्या दुधात दक्षिणेतल्या शहरी बायकांच्या कित्येक पट पीसीबी सापडलं? हवेने आणि पाण्याने विष थंड प्रदेशात गेलं, सील-देवमाशांच्या चरबीतून त्यांच्या ताटात आलं. ओर्का आई आणि इनुइट आई इथे एकाच रांगेत उभ्या आहेत. दोष सगळ्या मानवजातीवर सारखा वाटून टाकला की ज्याने खरंच केलं त्याचा हिस्सा कमी होतो, आणि ज्याने भोगलं त्याच्या नावावर कर्ज चढतं. सगळेच गुन्हेगार असले की दंड कुणीच भरत नाही.

शिवाय 'माणूसच वाईट' हे खोटंही आहे, कारण माणसाने जे नीट केलं तेही नोंदलेलं आहे. १९७२मध्ये अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, कॅनडाने सीलची कत्तल थांबवली. सील वाढले आणि त्यांना खाणारे ओर्का, ज्यांना आता 'बिग्ज ओर्का' म्हणतात, त्याच किनाऱ्यावर वाढत गेले. पीसीबी त्यांच्याही अंगात भरपूर आहे, पण पोट भरलेलं आहे. त्याच समुद्रात एक समाज वाढतो आणि दुसरा ७०-७५ वर अडकून राहतो, यातला मोठा फरक अन्नाचा. सॅमनचं अन्न कशाने तुटलं? नद्यांवरच्या धरणांनी, जंगलतोडीने, अति मासेमारीने, तापत्या पाण्याने. यातली धरणं माणसाने बांधली आणि माणसाला काढताही येतात. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान काढली. क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४मध्ये काढून झाली, आणि काही आठवड्यांतच शंभराहून अधिक वर्षं जिथे चिनूक पोहोचला नव्हता तिथे तो दिसला. सॅमनची स्मृतीही ओर्काच्या आजीइतकीच चिवट आहे. वॉशिंग्टन राज्याने २०२५पासून बोटींना या ओर्कांपासून १००० यार्ड, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर, लांब राहायला लावलं, कारण इंजिनांच्या आवाजात ओर्काला आपलीच हाक ऐकू येत नाही. याच्या उलटही घडतं. स्नेक नदीतल्या सॅमनसाठी २०२३मध्ये मूलनिवासी आणि राज्य सरकारांशी झालेला करार अमेरिकेच्या केंद्र सरकारने जून २०२५मध्ये मोडीत काढला. तिथल्या शेतकऱ्यांचा, विजेचा, मालवाहतुकीचा प्रश्न खरा आहे, तो सोडवायलाच हवा. पण भांडण कुठे चालू आहे ते तरी दिसतं. ते कागदावर, न्यायालयात, अंदाजपत्रकात आहे, हळहळीत नाही.

आपला यात काय संबंध? ओर्का श्रीलंकेच्या पाण्यात दिसतात, आपल्या बाजूच्या समुद्रातूनही ते फिरतात, पण संबंध तेवढ्यापुरता नाही. पीसीबीबद्दल २००१चा स्टॉकहोम करार झाला, भारत त्यात आहे. २०१६मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद केली, आणि वापर पूर्ण थांबवायला ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख ठरवली. ती उलटून गेली. आता आपण विचारायला हवं की आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल कुठे जातं, ते भंगारात कोण फोडतं, कोण हाताने काढतं. जुनी जहाजं तोडणाऱ्या अलंगच्या किनाऱ्यावर काय वाहून जातं. भंगाराचं काम आपल्याकडे कुठल्या वस्त्यांत होतं आणि त्या तेलात कुणाच्या मुलांचे हात बुडतात, हे माझ्या बहुतेक वाचकांना मी सांगायला नको. तेच तेल पावसात नाल्यात, नाल्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात जातं. टेथिसच्या काठावरून जे कूळ पाण्यात उतरलं, त्याच्या लेकरांपर्यंत त्याच काठावरून आपण हे पाठवतो.

एक माणूस काय करणार, असं मला मुलं विचारतात. समुद्र साफ करणं एकट्याचं काम नाही, हे खरंच आहे. पण एकटा माणूस प्रश्न नेमका विचारू शकतो. वीज मंडळाला माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. पुस्तकातून काढलेला धडा वर्गात फळ्यावर लिहिता येतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मुलांना कच्छ आणि कालाकोट नकाशात दाखवता येतं आणि सांगता येतं की पाच कोटी वर्षांपूर्वी इथून कोण निघालं, आज कुठे आहे आणि कशा हालात आहे. यातून एकही ओर्का उद्या वाचणार नाही. पण ज्या पिढीला कमाई किती मोठी आहे हेच माहीत नसतं, ती उधळताना थांबत नाही. निदान तेवढं अज्ञान तरी आपण पुढे शिकवायचं नाही.